प्रत्येक काठीला तिच्या मापाचं भोक

पुण्या-मुंबईतल्या बहुतेक नव्या फ्लॅटमध्ये आता एक जाळी असते. देवघराच्या मागे, टीव्हीच्या शेजारी, नाहीतर दारातून आत आल्याआल्या चपलांच्या कपाटावर. वेल, कमळ, षटकोन असं काहीतरी नक्षीकाम आणि मागून पिवळसर एलईडीची पट्टी. ही जाळी सीएनसी या संगणकावरून चालणाऱ्या यंत्रावर कापलेली असते आणि बहुतेक वेळा ती एमडीएफची असते. आमच्या इंटिरिअरच्या कामात अशा यंत्रानं वस्तू घडवणं म्हणजे काय, असं विचारलं तर सुतारापासून ठेकेदारापर्यंत सगळे याच जाळीकडे बोट दाखवतील. नक्षी बऱ्याचदा सुरेख असते. तरी ती जाळी पाहिली की माझा जीव हळहळतो. इतकं समजूतदार यंत्र हाताशी आलं आणि आपण त्याला कापायला काय दिलं, तर लाकडाचा भुगा.

एमडीएफ म्हणजे लाकूडच, पण त्याचं लाकूडपण काढून घेतलेलं. झाडाचे बारीक तंतू करायचे, त्यात राळ मिसळायची (बहुतेक युरिया-फॉर्मल्डिहाइडची) आणि गरम दाबाखाली त्याचे सपाट, गुळगुळीत, आठ बाय चारचे तक्ते काढायचे. ना रेषा, ना गाठ, ना पीळ. या राळेतून फॉर्मल्डिहाइड हळूहळू घरातल्या हवेत येत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. चांगल्या कंपन्या आता कमी उत्सर्जनाचे तक्ते काढतात, त्यांच्यावर तसा शिक्का असतो, आणि घ्यायचाच असेल तर तो शिक्का बघूनच घ्यावा. पण दहा वर्षांनी घर बदललं की या जाळीचं काय होतं? ती जाळणं धोक्याचं, ती सहज कुजत नाही, पुन्हा रंधून वापरता येत नाही. पाण्याचा थेंब लागून एकदा फुगली की तिथेच तिचं आयुष्य संपतं.

झाडाचा असा भुगा करण्यामागे पैशाचं गणित आहेच, उरल्यासुरल्या लाकडाचाही त्यात उपयोग होतो. पण मोठं कारण दुसरंच आहे, असं मला वाटत आलंय. कारखान्यातल्या यंत्रांना सगळे तुकडे सारखे लागायचे. एक साचा बसवला की त्यातून दिवसभर एकच माप निघणार, मग येणारा मालही एकाच मापाचा हवा. झाडं काही एकसारखी उगवत नाहीत. वाकडं खोड, फांदीची गाठ, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक बांबू हे सगळं त्या व्यवस्थेत अडचण ठरलं. ती अडचण काढायची म्हणून आपण निसर्गातल्या वस्तूचा आधी चुरा केला आणि मग गोंद घालून तिला सरळ केलं.

सीएनसीला ही अडचण मुळात नाहीच. त्याला हजार सारखी भोकं पाडायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात ते हजार वेगवेगळी भोकं पाडतं. वेगळेपणासाठी ते जादा पैसे मागत नाही. इतकी साधी गोष्ट, पण तिच्यामुळे सगळा खेळच बदलतो. वस्तू सारखी करण्याची गरज उरत नाही, वस्तू जशी आहे तशी मोजली की काम भागतं. यंत्रानं घडवलेल्या नैसर्गिक वस्तूंबद्दल मला जे काही म्हणायचंय त्याचं मूळ इथेच आहे.

इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यात हूक पार्क नावाचं एक जंगल आहे. लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशन या वास्तुशास्त्राच्या शाळेची तिथे कार्यशाळा आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी २०१५-१६ च्या सुमारास लाकडाचे ढलपे साठवायला एक कोठार बांधलं. त्याची मुख्य कमान बीच झाडाच्या २० बेचक्यांची आहे. बेचकं म्हणजे जिथे खोड दुभागतं तो भाग. करवतीच्या गिरणीत त्याला किंमत नसते, कारण त्यातून सरळ फळी निघत नाही. पण खरा जोर तिथेच असतो. वरच्या दोन फांद्यांचं ओझं पेलायला झाडानं तिथले तंतू एकमेकांत गुंतवलेले असतात. या मुलांनी जंगलातली बेचकी निवडली, त्यांचं त्रिमितीय स्कॅन केलं, कुठलं बेचकं कमानीत कुठे बसेल याची जुळणी संगणकावर लावली आणि यंत्रहातानं फक्त सांध्यांच्या जागा कोरल्या. बाकीचं लाकूड गोल, वाकडं, जसं होतं तसंच ठेवलं.

आपल्याकडच्या जुन्या सुतारांना हे नवं वाटणार नाही. कोकणातल्या जुन्या घरांत आणि गोठ्यांत बेचक्याचे खांब सर्रास दिसतात, वरच्या बेचक्यात आडवं लाकूड आपसूक बसतं. होडी बांधणारे तर रानात फिरून हवा तसा बाक असलेलं लाकूड शोधून आणायचे. मधल्या काळात हे ज्ञान निरुपयोगी ठरलं, कारण सगळा माल सरळ येऊ लागला. स्कॅनर आणि संगणक यांनी त्या ज्ञानाला पुन्हा कामाला जुंपलं तर मला ती यंत्रं आपली वाटतील.

माझ्या स्वतःच्या कामातलं याचं उदाहरण बांबूचं आहे. कोथरूडच्या एका घरात हॉल आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये पडदी हवी होती. उजेड यावा, वारा यावा, पण दारातून थेट जेवणाचं टेबल दिसू नये. घरातल्या बाई सिंधुदुर्गातल्या, त्यांच्या माहेरच्या बांधावर माणगा आहे. माणगा म्हणजे दक्षिण कोकणातला बिनकाट्याचा, जवळपास भरीव बांबू. इंच-दीड इंच जाडी, कमालीचा चिवट, मांडवापासून शिडीपर्यंत सगळीकडे चालतो. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतकऱ्याच्या बांधावरचा बांबू तोडणं आणि नेणं आता पूर्वीइतकं जिकिरीचं राहिलेलं नाही.

बांबूचा खरा शत्रू भुंगा. त्याला बांबूतलं पिष्ट हवं असतं. म्हणून जुने लोक पावसाळ्यानंतर रस उतरल्यावर बांबू तोडायचे आणि वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचे, पिष्ट पाण्यात निघून जायचं. आम्ही त्याला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवून, सावलीत उभा करून सुकवून आणला.

वरच्या आणि खालच्या पट्टीला सागवान घेतलं, पेठेतल्या एका पाडलेल्या वाड्याचं. असं लाकूड सीएनसीवर चढवायला दुकानदार नाखूश असतात, कारण आत जुने खिळे तुटून राहिलेले असतात आणि यंत्राचं कापणारं पातं, म्हणजे बिट, खिळ्याला लागली की कडकन मोडते. मिस्त्रींनी आधी मेटल डिटेक्टर फिरवला, सापडलेला प्रत्येक खिळा पटाशीनं कोरून काढला, मगच लाकूड यंत्राखाली गेलं.

आता मापं. बांबू गोल असतो असं आपण म्हणतो, पण व्हर्निअर लावून बघा. एका बाजूनं बत्तीस मिलिमीटर भरलेली काठी नव्वद अंशात फिरवली की एकतीसच भरते, आणि जिथे पेराजवळ फांदी फुटलेली असते तिथे चक्क चपटी असते. आम्ही प्रत्येक काठीची दोन्ही तोंडं आलेख-कागदावर टेकवून वरून फोटो काढले. ऑपरेटर मुलानं त्यावरून प्रत्येक तोंडाची बाह्यरेषा संगणकात उमटवली आणि पट्टीत भोकं पाडली ती त्या रेषेची. मिस्त्री बाजूला उभे राहून सगळं बघत होते. मांडणीची फाईल उघडल्यावर मात्र त्यांनी त्याला थांबवलं.

"ही काठी उलटी धरलीस की रे. बुडखा खाली, शेंडा वर. झाडाला असतं तसंच ठेवायचं."

तो म्हणाला, "मिस्त्री, इथे वर-खाली काय फरक पडतो?"

"खालचं भोक मोठं पडेल, वरचं लहान. वजन खाली राहतं. आणि डोळ्यालाही बरं दिसतं."

त्यानं फाईल बदलली. दुसऱ्या कुठल्याही पद्धतीत एवढ्या बदलाला एक अख्खा दिवस गेला असता. इथे चहा येईपर्यंत काम झालं. मिस्त्रींची नजर आणि त्या मुलाचा माऊस एकाच टेबलावर होते म्हणून ती पडदी चांगली झाली, असं मी ठामपणे म्हणेन. फक्त माझ्या चित्रावरून ती झाली नसती.

लाकूड पावसाळ्यात फुगतं याची आपल्याला कोण चीड! जुलै लागला की दारं अडकतात, सप्टेंबरनंतर पुन्हा सैल होतात. लाकूड आपल्या रेषेच्या दिशेनं जवळजवळ हलत नाही, आडव्या दिशेनं मात्र हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पसरतं. जुन्या पॅनेलच्या दरवाजात म्हणूनच मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी सोडलेली असते. तिला फुगायला जागा ठेवलेली असते, तिला कुणी गोंद लावत नाही. प्लायवूड आलं तेव्हा त्याचं मोठं कौतुक हेच होतं की ते हलत नाही.

जर्मनीत श्टुटगार्ट विद्यापीठातल्या आखिम मेंगेस यांनी याच हलण्याचा नाद घेतला. २०१२ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात त्यांनी एक काम मांडलं. मेपलच्या पातळ पापुद्र्यांची शेकडो पाकळ्यांसारखी रचना, आणि हवेतला ओलावा बदलेल तशा त्या पाकळ्या उघडायच्या-मिटायच्या. ना मोटर, ना तार, ना सेन्सर. लाकडाची रेष कुठल्या दिशेला ठेवली की किती वाकेल याचा हिशेब संगणकानं केलेला, वाकणं लाकडाचं स्वतःचं. पुढे २०१९ साली त्यांच्याच विद्यापीठातल्या मंडळींनी स्वित्झर्लंडमधलं ईटीएच झुरिक हे विद्यापीठ आणि तिथलीच एम्पा ही संशोधन संस्था यांच्या सोबतीनं उरबाख गावाजवळ १४ मीटर उंचीचा एक लाकडी मनोरा उभा केला. त्याच्या भिंती वळलेल्या आहेत, आणि त्या वाकवायला कुठलाही अवजड दाब वापरलेला नाही. स्प्रूसचे ओलसर तक्ते सपाट अवस्थेत एकमेकांवर रचले आणि सुकवायला ठेवले. सुकताना ते आपोआप वळले, ठरवलेल्या बाकाइतकेच.

मला हे वाचून आपल्या पश्चिमेच्या खिडक्या आठवतात. मुंबईत चार महिने हवा ओथंबलेली असते आणि उन्हाळ्यात सूर्य कलला की ऊन सरळ पलंगावर येतं. पावसाळ्यात वाऱ्यासाठी उघडणारी आणि कोरड्या दिवसात मिटून ऊन अडवणारी लाकडी झडप आपल्या हवेत किती शोभेल! कुणीतरी सागाचा, शिवणीचा, आंब्याचा पापुद्रा घेऊन हे मोजायला हवं. युरोपातलं मेपल आणि स्प्रूस आपल्या कामाचं नाही, आपल्या झाडांच्या सवयी निराळ्या आहेत.

मातीबद्दल थोडं सावधपणे लिहायला हवं, कारण मातीच्या छापील घरांचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात आणि मग लोक फ्लॅटमध्ये तशी भिंत मागतात. इटलीत रावेन्नाजवळ मास्सा लोम्बार्दा इथे वास्प ही कंपनी मोठे थ्रीडी प्रिंटर बनवते. २०१८ साली त्यांनी 'गाया' नावाचं छोटं घर छापलं. त्याच्या मिश्रणात २५ टक्के तिथलीच माती, ४० टक्के भाताचा चिरलेला पेंढा, २५ टक्के तूस आणि १० टक्के चुना. आपल्या आजीला हे मिश्रण वाचून दाखवा, ती विचारेल की यात शेण कुठाय. २०२१ मध्ये वास्तुविशारद मारिओ कुचिनेल्ला यांच्यासोबत त्यांनी 'टेक्ला' पूर्ण केलं. दोन गोल घुमट, बारा-बारा मिलिमीटरचे साडेतीनशे थर, छपाईचे २०० तास, आणि सरासरी वीज ६ किलोवॅटपेक्षा कमी. आतलं काही सामानसुद्धा त्याच मातीत भिंतीला जोडून छापलेलं आहे. भिंतीच्या पोटात प्रिंटर नागमोडी फिरतो, पोकळ्या तयार होतात आणि भिंत उन्हाला दाद देत नाही. ही अक्कल हातानं थापलेल्या भिंतीत आणणं फार कष्टाचं.

हे जमिनीवरच्या घराला छान. पण पाचव्या मजल्यावर? साधा हिशेब करा. दहा फूट लांब, नऊ फूट उंच आणि फक्त चार इंच जाड मातीची भिंत दीड टनाच्या आसपास जाते. घराच्या स्लॅबवर चालण्या-फिरण्याचा भार म्हणून चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरलेले असतात. तेव्हा फ्लॅटमध्ये मातीची भिंत छापायच्या भानगडीत पडू नये. त्याऐवजी आहे त्या भिंतीवर मातीचा गिलावा द्यावा, अर्ध्या-पाऊण इंचाचा. तो हवेतला ओलावा शोषतो आणि सोडतो, डाग पडला तर ओल्या हातानं पुसून पुन्हा घोटता येतो. आणि छापायचंच असेल तर दिव्याचं शेड, कोनाडा, खिडकीतली जाळी असं लहान काहीतरी छापावं, भट्टीत भाजून घ्यावं.

नोएडातल्या अँट स्टुडिओ या वास्तुविशारदांच्या संस्थेचं काम मला म्हणूनच आवडतं. मोनिश सिरिपुरापू यांनी डेकी इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात जनरेटरच्या गरम हवेपुढे भाजल्या मातीच्या नळकांड्यांची मधाच्या पोळ्यासारखी भिंत रचली. त्यावरून पाणी झिरपतं, हवा त्यातून जाते आणि गार होते. माठाचंच तत्त्व. नळकांडं किती लांब, किती रुंद, किती अंतरावर, याचा हवेच्या प्रवाहाचा हिशेब संगणकानं केला. घडवली मात्र कुंभारांनी, हातानं. यंत्र इथे नुसतं गणितापुरतं आहे आणि तेवढंच पुरेसं आहे. सगळ्या गोष्टी प्रिंटरमधूनच बाहेर पडायला हव्यात, हा हट्ट मला समजत नाही. ज्या शहरात धारावीचा कुंभारवाडा आहे, तिथे तर अजिबातच नाही.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. 'लाकडाचं थ्रीडी प्रिंट' म्हणून नमुने येतात, हातात घेतले की उबदार लागतात, वासही लाकडाचा येतो. विचारल्यावर कळतं की त्यात लाकडाची पूड एक तृतीयांशाच्या आसपास, कधी त्याहून कमी, आणि बाकी पीएलए नावाचं प्लास्टिक. ते मक्यापासून, उसापासून होतं हे खरं. पण ते कुजायला साठेक अंश तापमान धरून ठेवणारा खास प्रकल्प लागतो. आपल्या सोसायटीच्या कंपोस्टच्या खड्ड्यात ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहील. शिवाय साठ अंशाच्या आसपास ते मऊ पडायला लागतं, नागपूरच्या मे महिन्यात काचेमागे त्याचं काय होईल ते बघा. वस्तू कशापासून केली याइतकाच, ती कशानं धरून ठेवली हा प्रश्न महत्त्वाचा आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये फोरस्ट नावानं एक पद्धत पुढे आली, तिच्यात लाकडाचा भुसा आणि लाकडातलंच लिग्निन (झाडात तंतूंना धरून ठेवणारा पदार्थ) वापरून थर छापतात. ती दिशा मला पटते.

बुरशीच्या विटांबद्दलही लोक उत्साहानं विचारतात. २०१४ साली न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड बेंजामिन यांच्या 'द लिव्हिंग' या वास्तुरचनेच्या कार्यालयानं मक्याच्या धाटांवर बुरशीचे तंतू वाढवून केलेल्या दहा हजार विटांचे बुरूज रचले होते. उन्हाळा संपल्यावर ते उतरवून त्यांचं खत केलं. विदर्भात शेतात जाळल्या जाणाऱ्या कापसाच्या पऱ्हाट्यांवर असं काही वाढवता आलं तर त्यापरतं सुख नाही. पण या वस्तूला ओल सोसत नाही. एसी असलेल्या स्टुडिओत आवाज शोषायला तिचे तक्ते लावा, चिपळूणच्या पावसाळी भिंतीला लावू नका.

माणग्याच्या पडदीत आम्ही गोंदाचा थेंब वापरलेला नाही. वरच्या पट्टीतली भोकं खोल, खालची उथळ. काठी वर सरकवायची, खालच्या भोकावर आणायची आणि सोडायची. काढायची असेल तर पुन्हा वर उचलायची. दोन पावसाळ्यांनंतर एका काठीतून पिवळी पूड पडायला लागली. भुंगा. बाईंनी फोन केला. प्रत्येक काठीच्या बुडाला डाग देऊन आकडा घातलेला आहे. त्यांनी आकडा सांगितला, मी फाईल उघडून दोन्ही तोंडांची मापं कळवली. त्यांच्या भावानं बांधावरून थोडी जाड काठी तोडली, मुरवली, सुकवली, एसटीनं पाठवली. मिस्त्रींनी तोंडं घासून त्या रेषेला आणली आणि जुनीच्या जागी नवी उभी केली. जुनी काठी बाकीच्यांपासून लांब, गच्चीत आहे. बाई म्हणतात, तिच्यावर कारल्याचा वेल चढवणार.